सिल्व्हानोच्या मागचा खेळाडू

जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये भाड्यानं राहणाऱ्याला केरवोखं चुकत नाही. ज्या घराची पाळी असेल त्यानं आठवडाभर इमारतीचा जिना झाडायचा आणि पुसायचा. ‘नावातच केर आहे, म्हणजे आपल्यासाठीच ठेवलंय,’ असं धम्मदीपा म्हणायची. तिचा नवरा यशपाल रामटेके नागपूरहून येऊन मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत लागला होता. त्यांच्या आधीची पाळी खालच्या मजल्यावरच्या सिल्व्हानो बेर्तोक्कीची असे. एकाची बादली रिकामी होईस्तोवर दुसऱ्याचा झाडू येई, आणि दोघं पायऱ्यांवर गप्पा मारत बसत.

सिल्व्हानो मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात कामाला होता. चाळिशी उलटलेला, खांद्यात रुंद, डाव्या गुडघ्यामुळं जरा लंगडणारा. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात इटलीनं बर्लिनला वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा गल्लीतले सगळे इटालियन हॉर्न वाजवत फिरत होते आणि हा गृहस्थ जिना पुसत होता.

“तुम्ही नाही गेलात?” यशपालनं विचारलं.

“मी पुष्कळ फिरलोय,” तो म्हणाला. फडकं पिळून त्यानं बादलीच्या कडेवर टाकलं आणि मग सांगायला लागला.

तो स्ट्रायकर होता. पोट भरण्यासाठी फुटबॉल खेळलेला माणूस. इटलीत पो नदीच्या काठच्या एका धुकट गावात सुरुवात झाली, मग फोज्जा, पलेर्मो, बेल्जियममधलं लिएज, स्वित्झर्लंडमधलं लुगानो, ग्रीसचं क्रीट बेट आणि शेवटी जर्मनी. कुठंही दोन वर्षांच्या वर टिकला नाही. मोठा कधी झाला नाही, पण त्याची एक गोष्ट गाजली होती. गोलसमोर पास यायचा, सगळा बचाव त्याच्यावर धावून जायचा आणि हा बॉलला पाय न लावता पायांमधून जाऊ द्यायचा. मागून येणारा सोबती मोकळा असायचा. गोल.

“लोक म्हणायचे, सिल्व्हानोला पाठीला डोळे आहेत. डोळे कसले? मला मागून हाक यायची. ‘लाशा!’ म्हणजे सोड. मी सोडायचो.”

यशपालच्या मराठी कानाला त्यात ‘लाश’ ऐकू आली, तो शब्द नकोसाच वाटला.

“मग त्यात काय? सोबती ओरडणारच.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. मलाही तसंच वाटायचं. एकदा गोल झाल्यावर मी त्या पोराला मिठी मारली, म्हटलं, बरी हाक दिलीस. तो म्हणाला, मी तोंडच उघडलं नव्हतं.”

पुढं पुढं हाक यायची आणि मागं कुणीच नसायचं. तरी पाय आपसूक थांबायचे. बॉल निघून जायचा, प्रेक्षक शिट्ट्या वाजवायचे, प्रशिक्षक बाकावर बसवायचे. कुणी आळशी म्हटलं, कुणी विकला गेलेला म्हटलं. सिल्व्हानोनं गाव बदललं. नव्या गावी काही आठवडे सुखात गेले, झपाट्यानं गोल झाले. मग एका रविवारी मागून तीच हाक.

“गाव जितकं लांब तितका त्याला उशीर व्हायचा,” सिल्व्हानो खालच्या आवाजात म्हणाला. “चालत येत असल्यासारखा. क्रीटला तर मध्ये समुद्र. अख्खा हंगाम मी मोकळा खेळलो, आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम. वाटलं, सुटलो. शेवटच्या सामन्यात आला. यशपाल, त्याला धाप लागली होती.”

यशपालनं वर येऊन धम्मदीपाला हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“अहो, तो आहे कोण पण?”

“त्यालाच माहीत नाही. कुणी मेलेला मित्र नाही, भाऊ नाही. कोण म्हणून विचारलं तर म्हणतो, माझ्या संघातला आहे, एवढंच कळतं.”

सिल्व्हानो आता गावातल्या क्लबच्या आल्टे हेरनमध्ये, म्हणजे प्रौढांच्या संघात, हौसेनं खेळायचा. यशपालच्या पायात फुटबॉल नव्हता, पण नजर चांगली होती. म्हणून सिल्व्हानोनं त्याच्या हाती लाइन्समनचा झेंडा दिला. शनिवारी दुपारी बाहेर पडायला बरं निमित्त मिळालं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी शेजारच्या गावाशी सामना होता. उत्तरार्धात जंगलाकडून धुकं उतरलं आणि बघता बघता पलीकडचा गोल पुसून गेला. खेळ थांबवावा अशी कुजबुज सुरू झाली होती. तेवढ्यात यशपालच्या बाजूनं एक लांब पास आला आणि सिल्व्हानो त्याच्यामागं सुटला. यशपाल झेंडा घेऊन रेषेवरून धावला. पुढं फक्त गोलकीपर, बाजूला दोन बचाववाले. आपल्या संघातलं दुसरं कुणी आसपास नव्हतं. लाइन्समनला हे बघावंच लागतं, आणि त्यानं नीट बघितलं होतं.

मग त्याच्या कानामागून कुणीतरी गेलं.

आधी श्वास ऐकू आला. फार लांबून चालत आलेल्या थकल्या म्हाताऱ्या माणसाचा, घशात घरघरणारा. गवतावर पावलं दबल्यासारखा ओला आवाज. यशपालच्या मानेवर गार वारा लागला आणि रेषेच्या आतून, त्याच्यापासून हातभरावर, कुणीतरी बोललं, “लाशा.” ते ओरडणं नव्हतंच. ओरडण्याइतका दम त्यात उरला नव्हता.

सिल्व्हानोनं ऐकलं. पण या खेपेला त्यानं बॉल जाऊ दिला नाही. पायाखाली धरून तो थांबला आणि वळला. बचाववाले गोंधळून जागीच उभे राहिले. सिल्व्हानो धुक्यात बघत होता. स्टेशनवर उशिरा आलेल्या गाडीतून आपलं माणूस उतरतं का ते बघावं, तसा. मग त्यानं बॉल हळूच, अगदी प्रेमानं, त्या पांढऱ्या पोकळीत सरकवला.

बॉल दिसेनासा झाला. सगळं गप्प झालं.

आणि चामड्यावर लाथ बसल्याचा खणखणीत आवाज आला. धुक्यातून बॉल आला तो सिल्व्हानोच्या खांद्याजवळून, गोलकीपरच्या बोटांवरून थेट जाळ्यात. जाळं बराच वेळ हलत राहिलं.

पंच धावत आला. “ऑफसाइड नाही ना?”

“नाही.”

“कुणी मारला? नंबर?”

यशपालनं झेंडा खाली घेतला. “धुक्यात नंबर दिसला नाही,” तो म्हणाला. ते खरंच होतं.

पंचानं गोल दिला आणि सामना तिथंच थांबवला. कपडे बदलायच्या खोलीत सगळे हसत एकमेकांकडे बघत होते. कोण सांगतो, याची वाट बघत. हळूहळू हसू ओसरलं. कप्तानानं सिल्व्हानोच्या पाठीवर थाप मारली, “आल्झो, मग तुझाच म्हणायचा.”

“माझा नाही,” सिल्व्हानो इतक्या जोरात म्हणाला की सगळे दचकले. मग तो बाकावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता ओक्साबोक्शी रडायला लागला.

परतताना गाडीत यशपाल बोलला, “मी पण ऐकलं.”

सिल्व्हानोनं त्याचा हात घट्ट धरला. “किती थकलाय ना?” एवढंच म्हणाला. जरा वेळानं स्वतःशीच पुटपुटला, “सगळा जन्म बॉल मागत होता, आणि मी गावं बदलत बसलो.”

त्यानंतर सिल्व्हानो खेळला नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. हाक पुन्हा आली का, हे विचारायचं यशपालचं धाडस झालं नाही. धम्मदीपानं मात्र वसंतात, चौघं तळ्याकाठी फिरायला गेले असताना, सिल्व्हानोच्या बायकोला, रेनाटेला, सहज विचारलं, नवरा कसा आहे म्हणून.

“झोप छान लागते आता,” रेनाटे म्हणाली. “पण फिरायला यायचं म्हणजे वैताग, सारखा मागं थांबतो. बघ ना!”

दोघींनी मागं वळून बघितलं. सिल्व्हानो तळ्याच्या वळणावर उभा होता, खिशात हात घालून, रिकाम्या वाटेकडे तोंड करून. जरा वेळानं त्यानं मान डोलावली, बाजूला सरकून अर्धी वाट मोकळी केली आणि सावकाश चालायला लागला. एका माणसाला लागते त्याहून रुंद जागा ठेवून.

धम्मदीपानं ओढणी खांद्यावर घट्ट ओढून घेतली. “चला,” ती यशपालला मराठीत म्हणाली, “आपण पुढं होऊ. त्यांना येऊ द्या.”