मॅडमची सही, सरांची सायटेशनं

रागातच लिहिते आहे. "जरा शांत होऊन लिही" असं सांगणारे शांत राहूनच मोठे झालेत. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले.

आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे शहरातल्या निम्म्या प्रयोगशाळांतली माणसं यायची. रसायनवाले, औषधनिर्माणवाले. हातात कॅरीबॅग, आत कोमेजलेला पाला. ज्या पाल्याचा अर्क काढून लेख लिहिला तो पाला नक्की कशाचा, हे छापणाऱ्यांना सांगावं लागतं आणि त्यावर जाणकाराची सही लागते. मॅडम भिंग लावून बघायच्या, कपाटातल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडायच्या. शंका आली तर "फूल धरलं की परत ये" म्हणून हाकलायच्या. सोयगावच्या डोंगरातलं गवतन् गवत त्यांनी स्वतः हिंडून जमवलेलं. सही मिळाली की माणूस गायब. मग लेखात एक ओळ यायची, ओळख पटवल्याबद्दल मॅडमचे आभार. शेवटच्या संदर्भयादीत मात्र मॅडमच्या एकाही लेखाचं नाव नसायचं. तशी पद्धतच नाही म्हणे!

मग संस्थेनं ठरवलं, अख्ख्या विज्ञान शाखेत प्राध्यापकपदाची, म्हणजे बढतीची, एकच जागा भरायची. उमेदवार दोन. मॅडम, आणि रसायनशास्त्राचे एक सर. मॅडमची निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी. आणि निकष काय, तर सायटेशन. तुमच्या लेखाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, ते मोजायचं. सरांच्या एकेका लेखावर सहलेखकांच्या नावांची रांग, विषय चलतीचा, दाखले धो धो. गवतांच्या जातींवर लिहिणारी माणसंच देशात मोजकी. मॅडमचा दाखला द्यायचा कुणी, गवतानं? चार महिन्यांची ज्वारी आणि आंब्याचं कलम एकाच सुगीला तोलायला बसले होते हे लोक, आणि वर त्याला गुणवत्ता म्हणत होते.

मुलाखत संपवून मॅडम आल्या तेव्हा मी जिन्यात उभी होते.

"काय विचारलं?"

"म्हणाले, मॅडम, गवत लई झालं, सायटेशन कुठंय?"

"मग?"

"म्हटलं, सरांचे गाजलेले लेख उघडा, पाला ओळखला म्हणून माझं नाव दिसंल. तर म्हणाले, ते आभार झाले. आभार मोजत नसतात."

"आणि सर काय म्हणाले?"

"बाहेर भेटले की. म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळंच सगळं झालं. चांगला माणूस आहे गं. आभार मानायला कधी चुकत नाही."

जागा सरांना मिळाली.

मी दोन पानी पत्रक लिहिलं. मॅडमनी चष्मा वर सारून वाचलं. "पोरी, धिक्कारच धिक्कार आहे यात. मागणी कुठंय?" आणि त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी एकच वाक्य लिहिलं: वनस्पतीची ओळख पटवून हवी असेल, तर या विभागाच्या लेखाचा संदर्भ यादीत द्यावा लागेल. आम्ही तो कागद दारावर चिकटवला.

दारातली गर्दी बघता बघता आटली. मला वाटलं, लाज वाटली असेल. कसली लाज! थोड्याच दिवसांनी उस्मानपुऱ्यात चहाच्या टपरीवर सरांचा संशोधक विद्यार्थी भेटला. पिशोरचा, पोटात काही न ठेवणारा.

"काय रे, आता सहीला कुठं जाता?"

"भेटती की ताई दुसऱ्या कॉलेजात. पाला बी न्यावा लागत नाय. फोटो धाडला की दस्तखत येतं."

"फोटोवरून ओळखतात?"

"ओळखतंय कोण? नाव आपणच कळवायचं. ते निस्ती सही ठोकत्यात."

"आणि पाला भलत्याच झाडाचा निघाला तर? उद्या कुणी औषध म्हणून पिणार आहे ना ते?"

तो मोकळेपणानं हसला. "तुमी बी ना ताई! लेख छापून आला, सायटेशन बी चालू झाले. अजून एक चहा सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "तुझ्या सरांना एक निरोप दे. तो अर्क आधी त्यांनी घरी प्यावा."