खाडीपलीकडचा जिवंत माणूस

वडील गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटायची पंचाईत होती. आईने मासे विकून मला शिकवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्याच ताठ्याने मालवण किनाऱ्यावर फौजदार म्हणून रुजू झालो. तिथली एक चौकशी अजून डोक्यातून जात नाही.

वादळात होडी बुडाली. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, होडीच्या म्होरक्याचं, तांडेलाचं, सापडलं नाही. त्याने आयुष्याचा विमा उतरवला होता. पदरी मुली असलेल्या बायकोने रक्कम मागितली, विमा कार्यालयाने आमचा अहवाल मागवला.

इतक्यात तांडेलाचा धाकटा भाऊ टोपी सावरत ठाण्यात आला. "सायबानु, भाव माझो जितो आसा. आरोंद्याच्या खाडीपलीकडे बघितलंय. वैनीचा कपाळ बघा, कुकू तसाच आसा!"

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. खाडीपलीकडे आमचं काही चालत नसे. खबर फारच सोयीची होती.

बाईला जबाबाला बोलावलं. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"नवरा मेला म्हणून पैसे मागतेस, मग हे काय?"

"मडा दाखवा, मगे पुसतंय."

"मग पैसे कसले?"

"तो घराक इलो नाय तर चेडवांनी उपाशी रवू नये, म्हणान तेनी हप्ते भरले. तो इलो नाय. मगे पैशे कित्याक नाय? उद्या इलो तर परत करतलंय!"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. विम्याचं प्रयोजन याहून नेमकं मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं.

मग दिराला बसवलं. जबाब लिहिताना नजर त्याच्या ओठावर गेली. रापलेल्या चेहऱ्यावर मिशीची जागा तेवढी पांढुरकी.

"टोपी काढ."

डोकं तुळतुळीत.

"भाऊ जिवंत, मग मुंडण कोणासाठी?"

तो रडायलाच लागला. भावाचा आत्मा घराला छळेल या भीतीने त्याने कुडाळला जाऊन दर्भाचा पुतळा करून गुपचूप क्रिया उरकली होती.

"मगे खोटा कित्याक बोललंस रे?" हवालदार ओरडला.

"दोन हप्ते मी भरलंय. भिशीत एकाचो नंबर हुकलो की फुडच्याक मेळता! वैनीचो हुकलो की माझोच नंबर."

त्याला समजावलं : भिशीत पाळी असते, पोस्टातल्या बचतीत आपलंच आपल्याला मिळतं, विमा मात्र वारस म्हणून ज्याचं नाव लिहिलंय त्याचाच, आणि इथे नाव बायकोचं.

गावाने बाईला नावं ठेवली. ती म्हणाली, "कागदार तो मेलो. माझ्या घरात अजून येवचो आसा."

माणसाच्या कपाळावरून त्याचा खरेपणा ठरवू नये, हे मी त्या ठाण्यात शिकलो. कुंकवाचा उल्लेख न करता तांडेल बुडून मेल्याचा अहवाल पाठवला. गावची बोलणी ऐकून वरिष्ठांनी कुंकवाबद्दल विचारलं, तेव्हा तो चौकशीचा विषय नाही असं स्पष्ट सांगितलं.

रक्कम पुरी मिळाली. तिने होडी घेतली, स्वतःच्या नावावर.