फोन आलेली मुलं

आमच्या संस्थेनं दहावीनंतरच्या मुलांसाठी एनडीएच्या तयारीचा निवासी वर्ग काढला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मी नेवाशाजवळ कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. मुलींनाही एनडीएत घ्यायला लागले होते, आणि इथं राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट. गणिताचा पेपर मी काढणार म्हणून मला निवड समितीत घेतलं. एकच अट खटकली: अर्जासोबत लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र हवं. सैन्यात जायला निघालेल्या पोराला पुढाऱ्याची चिठ्ठी कशाला? अध्यक्षांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "मॅडम, मूल चांगल्या घरातलं आहे एवढंच कळतं त्यातून."

लेखी परीक्षेत पहिली आली ती पाथर्डीकडची एक मुलगी. तिचे आईबाप दर हंगामात ऊस तोडायला प्रवरेच्या पट्ट्यात येत. ती नेवाशात मामाकडे राहून शिकलेली. पत्र कसं मिळवलं, ते तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. आईला घेऊन ती पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेली. सकाळपासून दोघी बाहेर ओट्यावर बसल्या. दुपारी त्यांचा माणूस येऊन म्हणाला, "संध्याकाळी सभा हाय. बाया कमी पडत्यात. टेम्पोत बसा, पत्र तिथंच देतो." दोघी टेम्पोत बसल्या. सभेत टाळ्या वाजवल्या. मग पत्र हातात पडलं. मजकूर छापील, मुलीचं नाव तेवढं पेनानं लिहिलेलं, तेही चुकीचं.

मुलाखतीला ती ते पत्र घेऊन आली. अध्यक्षांनी त्यावर नजर टाकली आणि शेजारच्या सदस्याला विचारलं, "हिच्यासाठी फोन आलाय का?"

"नाही, सर."

पत्र बाजूला सरकवलं गेलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्र सगळ्यांनाच मिळतं. दारात आलेल्या मतदाराला नाही कोण म्हणणार? ज्याला खरोखर घ्यायचं, त्याच्यासाठी मागाहून फोन येतो. आणि हे सगळं ती समोर उभी असताना चाललं होतं. तिला ऐकू जातंय याची कुणाला लाज वाटत नव्हती. एकानं तिच्यासमोरच बशीतला पेढा उचलून तोंडात टाकला.

तिला प्रतीक्षा यादीत टाकलं. फोन आलेली मुलं आत गेली. त्यातल्या एकाला पहाटेचं धावणं सोसलं नाही. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. तिला बोलवा, म्हणून मी अध्यक्षांकडे गेले. "ती जागा राहू द्या," ते म्हणाले, "बंगल्यावरचे साहेब नाव कळवणार आहेत." साहेबांनी नाव कळवलं नाही. वर्ष संपेपर्यंत ती कॉट रिकामी राहिली, आणि तिच्यावर वॉर्डन आपले कपडे वाळत घालायचा.

मी समितीसमोर लेखी सूचना ठेवल्या. पत्राची अट काढा, उत्तरपत्रिकांवर नावांऐवजी क्रमांक द्या, गुण फलकावर लावा. मला वाटलं होतं भांडावं लागेल. पण सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव एकमतानं मंजूर झाला, अध्यक्षांनी माझं कौतुकही केलं. पुढच्या वर्षीची जाहिरात पाहिली. पत्राची अट खरंच गेली होती. तिच्या जागी 'संस्थाचालकांचा अभिप्राय' आला होता, आणि त्याला निम्मे गुण. म्हणजे आता पत्रासाठी टेम्पोत बसायचीही गरज उरली नव्हती. मी त्याच दिवशी समिती सोडली.

मुलीनं नेवाशातच बारावीपर्यंत शिकायचं ठरवलं. रविवारी ती माझ्या घरी गणिताला यायची. एनडीएच्या लेखी परीक्षेला बसायला कुणाची शिफारस लागत नाही. ती बसली आणि पास झाली. दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. 'आमच्या संस्थेचा अभिमान' असं लिहून मधोमध अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली कोपऱ्यात ही. पाहून मला शिसारी आली. सत्काराचं बोलावणं आलं, तेव्हा मी तिला म्हटलं, "जाऊ नकोस."

"मी न्हाई जानार, मॅडम. पन आई जाती म्हणती."

मी तिच्या आईला फोन लावला. या माणसांनीच पोरीला बाहेर ठेवलं, हे सांगून पाहिलं.

"म्हाईत हाय मला, बाई," ती म्हणाली. "पन त्या दिशी मी टेम्पोत खाली बसून गेल्ते. आज स्टेजवर खुर्ची देत्यात. बसून येते."

ती गेली आणि अध्यक्षांच्या हातून शाल घेऊन आली.

पुढच्या निवड मुलाखतीत मुलगी बाद झाली. परत आली ती तडक माझ्याकडे. चेहरा उतरला होता. पाणी प्यायली आणि सांगत सुटली. गटात बोलताना ती घाबरली, इंग्रजी अडलं. "चूक माझीच हुती," ती म्हणाली. "पन मॅडम, तिथं कुनीच इचारलं न्हाई, तुला कुनी पाठवलं म्हणून."

आता ती पुन्हा बसणार आहे. आम्ही रोज अर्धा तास इंग्रजीत बोलतो, दोघीही अडखळत. चौकातल्या फ्लेक्सवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढलाय. संस्थेतून मला परवा फोन आला, यंदाचा गणिताचा पेपर काढून द्याल का? मी नाही म्हटलं, आणि फोन ठेवून हात धुऊन आले.