बांड्याला दम लागतो

भंडारा जिल्ह्यात डिझेलवर चालणारा एकच बैल आहे आणि तो आमच्या भाऊजींच्या दारात बांधलेला असतो. 'बांधलेला' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. जीप उभी केली की भाऊजी तिच्या पुढच्या बंपरला दावं बांधतात आणि दाव्याचं दुसरं टोक अंगणातल्या खुंट्याला. हातब्रेक कधीच कामातून गेल्यामुळे या दाव्याला थोडाफार शास्त्रीय आधारही आहे. पण उद्या नवा हातब्रेक बसवला तरी दावं सुटणार नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जिपेचं नाव बांड्या. तिचा वरचा रंग जागोजाग उडून खालचे दोन-तीन रंग बाहेर आले आहेत, आणि अंगावर असे चट्टे असलेल्या बैलाला आमच्याकडे बांड्याच म्हणतात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोसीखुर्दच्या धरणात त्यांचं गाव गेलं, शेत गेलं, गोठा गेला. पुनर्वसनाच्या नव्या गावात सरळ रस्ते मिळाले, नळ मिळाले, पण बैलजोडीला ना काम उरलं ना चरायला जागा. जोडी विकावी लागली. त्यानंतर काही दिवस भाऊजी पहाटे उठून रिकाम्या अंगणात नुसते उभे राहायचे, असं ताई सांगते. मग एके दिवशी ते पवनीला गेले आणि ही जुनी जीप घेऊन आले. दारात येताच त्यांनी तिच्या चारही चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि रस्त्यात त्रास तर नाही झाला ना, असं तिला विचारलं. ताईला वाटलं, दोन-चार दिवसांत निवळेल. त्याला आता बरीच वर्षं झाली.

जिपेला चाकं आहेत आणि बैलाला पाय, एवढा फरक सोडला तर भाऊजी दोघांत भेद मानत नाहीत. ऊन सरकलं की ते जीपही सावलीकडे सरकवतात. थंडीत तिच्यावर तरटाची झूल घालतात. रस्त्यात गुरं आडवी आली तर हॉर्न वाजवत नाहीत, खाली उतरून, हाताने बाजूला करून मग पुढे जातात, कारण जातभाईंवर ओरडणं बांड्याला आवडत नाही. चढावर ते स्वतः सीटवर पुढे झुकून बसतात आणि आम्हालाही झुकायला लावतात. एकदा माझ्या बायकोने, मान अवघडल्यामुळे, झुकायला नकार दिला. त्या दिवशी चढ संपेपर्यंत भाऊजी तिच्याशी बोलले नाहीत. चढ संपल्यावर मात्र उतरून तिच्यासाठी शहाळं आणलं.

एवढं लाडाकोडाचं जनावर, आणि त्याला एक खोड लागली. मधेच दम लागायचा. चांगली पळणारी जीप हळूहळू मंदावायची, पाय दाबला तरी जोर यायचा नाही, इंजिन घुसमटल्यासारखं घुरघुरायचं आणि शेवटी गप्प व्हायचं. मग भाऊजी सगळ्यांना उतरवायचे. बॉनेट उघडायचे, पाणी बघायचे, मागे जाऊन टाकीचं झाकण काढून काठीने डिझेल मोजायचे, कारण डिझेलचा काटा हातब्रेकच्याही आधी गेला होता. एवढं होईपर्यंत बांड्याला विसावा मिळायचा आणि तो पुन्हा टुणटुणीत चालू लागायचा. भंडाऱ्याच्या मिस्त्रीने फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, टाकी धुतली, पंप उतरवून पुन्हा चढवला. दरवेळी गल्लीतून एक फेरी मारून बघितली की गाडी ठणठणीत असायची आणि पुढच्या लांबच्या प्रवासात पुन्हा बसायची. भाऊजींचा मिस्त्रीवरचा विश्वास उडाला. मशीन कोणतंही असो, आधी त्याच्या मनात काय आहे ते ओळखावं लागतं, असं म्हणून त्यांनी तपास स्वतःच्या हाती घेतला.

तपासाची त्यांची रीत अशी की गाडी बसली त्या वेळी आत कोण कोण होतं, ते आठवायचं. त्यात माझं नाव सारखं निघू लागलं. आता मी भंडाऱ्याला राहतो, मला सोडायला-आणायला म्हणजे लांबचाच प्रवास, आणि गाडी लांबच्याच प्रवासात बसायची. हे मी त्यांना समजावून पाहिलं. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "साळेबुवा, राग नोका मानू, पण तुमचा पायगुण बांड्याले सोसून नाही राह्यला." त्यानंतर वर्षभर मी एसटीने गेलो. मधे एकदा माझ्याशिवायही गाडी बसली, तेव्हा आता तरी मी सुटलो असं मला वाटलं. पण गाडीत माझी छत्री राहिली होती, असं निष्पन्न झालं. जावईमाणसाशी वाद घालायचा नाही अशी आमच्या घरची शिकवण असल्यामुळे मी ती छत्री मुकाट्याने परत आणली.

ही मौज संपवली ती माझ्या भाचीने. ती नागपूरला नर्स आहे आणि आजाऱ्याचे लाड करायचे नाहीत हे तिला तिथे चांगलं शिकवलं आहे. एका सुट्टीत ती आली, तेव्हा पवनीच्या बाजारातून ताई भर उन्हात पायी आली होती, कारण भंडाऱ्याहून परतताना तिला घ्यायला येणारा बांड्या वाटेत बसला होता. भाचीने त्याच संध्याकाळी निकाल दिला. उद्या सगळे आत्याकडे बपेऱ्याला जाऊ. बपेरा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. "एकदा जरी रस्त्यात थांबली ना बाबा, तर येतानी तुमसरच्या भंगारवाल्याकडे देऊन येऊ," ती म्हणाली. भाऊजींनी मान डोलावली. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि अंगणात जाऊन बराच वेळ बांड्याच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिले. मी तिथेच होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पायगुणाची खरोखर भीती वाटली.

सकाळी निघालो. साक्षीदार हवा म्हणून भाचीने मलाही घेतलं, आणि खबरदारी म्हणून भाऊजींनी मला पार मागे, आत्यासाठी घेतलेल्या तांदळाच्या पोत्यापलीकडे बसवलं. भंडारा मागे पडला. भाऊजी गुणगुणू लागले. मोहाडी येऊ लागली आणि त्यांचं गुणगुणणं थांबलं, कारण जीप मंदावत होती. गवताचा भारा घेतलेला एक सायकलवाला आमच्या बाजूने पुढे गेला आणि जाताना मागे वळून बघू लागला. भाचीने बापाकडे पाहिलं. "थांबला नाही अजून," भाऊजी म्हणाले, "सावकाश जाऊन राह्यला." बांड्या आणखी थोडा सावकाश गेला आणि मग थांबला. ताईने डोक्यावरचा पदर उगाचच नीट केला.

भाऊजी सवयीने काठी घेऊन उतरले, पण भाचीने ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच आतून लांबलचक सूं असा आवाज आला. ती दचकली. हा आवाज दरवेळी येतो का, असं तिने विचारलं.

"येते ना," भाऊजी म्हणाले. "सुस्कारा टाकते तो. दम लागल्यावर कोणी टाकत नाही का?"

ताई एव्हाना खाली उतरून जवळ आली होती. ती म्हणाली, "अवो, सुस्कारा बाहेर येते. ही हवा आत जाऊन राह्यली. तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं तर तेल येते का? हवेसाठी दुसरं पाडाच लागते." भाचीने झाकण उलटसुलट करून पाहिलं. मधोमध हवेसाठी एक बारीक भोक असावं असं दिसत होतं, पण त्यावर पिवळट, टणक असा थर बसला होता. ताईने बांगडीतली पिन काढून तो खरवडला, नाकाशी नेला आणि रस्त्यातच हसत खाली बसली. ते तिच्या हातचं पुरण होतं.

झालं होतं असं की, बांड्या आल्यापासून भाऊजी दरवर्षी त्याचा पोळा करत होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्याला बोलावणं करतात. भाऊजी ते जिपेला करायचे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास. आता जीप खाते कुठून, तर जिथून डिझेल आत जातं तिथून, म्हणजे टाकीचं झाकण हे तिचं तोंड. तोंडाला तूप-पुरण लावायचं, आणि नैवेद्य असल्यामुळे तो पुसायचा नाही. थरावर थर चढत गेले आणि हवेचं भोक बंद झालं. थोडं अंतर गेलं की टाकीत हवाच उरायची नाही, डिझेल पुढे सरकायचं नाही. मग भाऊजी डिझेल मोजायला झाकण काढायचे, हवा आत जायची, आणि विसावा मिळाला म्हणून बांड्या चालू लागायचा.

आम्ही सगळे हसत होतो. मी तर जरा जास्तच, कारण माझी वर्षभराची शिक्षा आज संपत होती. भाऊजी मात्र झाकण हातात धरून उभे होते. ते लेकीला म्हणाले, "थांबला तर इकाचा, असा शब्द देला होता मी."

"ती थांबली नाही बाबा," भाची म्हणाली. "तुम्ही तिचं नाक दाबून धरलं होतं. नाही इकत आपण. पण आता पोळ्याले तिच्या तोंडाले काही लावाचं नाही."

"मंग सणाच्या दिवशी त्यानं काय खावं?"

"डिझेल खाते ना."

"ते रोजचं झालं, बाई," भाऊजी म्हणाले. शेवटी ताईच म्हणाली, की सणाचं सणाला पाहू, आता चला. बपेऱ्यापर्यंत बांड्या एकदाही अडखळला नाही. परतताना तुमसर आलं तेव्हा भाऊजींनी नजर समोर ठेवून गाडी जरा वेगातच काढली. आणि येताना, माझ्या पायगुणासकट, त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं.

यंदाच्या पोळ्याला मी मुद्दाम ताईकडे गेलो. आदल्या संध्याकाळी भाऊजींनी बंपरला हळद-लोणी लावलं आणि हळू आवाजात आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी ताईने पुरणपोळीचं ताट त्यांच्या हातात ठेवलं. ते बांड्यासमोर ताट धरून उभे राहिले. टाकीच्या झाकणाकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि मग ताट घेऊन दोन घरं पलीकडे गेले. तिथे गावातल्या उरल्यासुरल्या जोड्यांपैकी एक सजून उभी होती. त्यातल्या पांढऱ्या बैलाने त्यांच्या हातातली पोळी खाल्ली आणि मग तळहात चाटायला लागला, बोटं झाली, मनगटही झालं. भाऊजींनी हात मागे घेतला नाही. ते घरी आले तेव्हा मी हात धुवायला तांब्या पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"राहू द्या, साळेबुवा," ते म्हणाले. "जीभ किती खरबरीत असते, इसरूनच गेल्तो मी."

आणि तो ओला हात तसाच मांडीवर उघडा ठेवून ते बांड्याच्या पायरीवर बसून राहिले.