दोन राणीछाप रुपये

कुरुळीच्या तानुबाईचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा लावल्यावर. दूधवाल्यासमोरच ती दुधात बोट बुडवायची. दळण टाकलं की पीठ हातात पडेपर्यंत गिरणीतून हलायची नाही. कंपनीतली पोरं भाड्यानं राहायची, त्यांच्या खोल्यांचे मीटर रोज बघायची. अशा बाईच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की तो काढायची कुणाची टाप नव्हती.

यंदाचा किडा चांदीच्या रुपयाचा होता. सासऱ्यांनी दोन्ही सुनांना लक्ष्मीपूजनासाठी एकेक राणीछाप रुपया दिलेला, दोन्ही एकाच सालाचे. ह्या दिवाळीला धाकटी जाऊ इंद्रायणी काळेवाडीहून आपला रुपया घेऊन कुरुळीला आली. दोन्ही रुपये एका ताटात मांडले, आणि तानुबाईला दिसलं की आपल्या रुपयावरची राणी पार सपाट झाली आहे. इंद्रायणीच्या रुपयावर मात्र नाक, केस, सगळं शाबूत. तानुबाई आपल्या रुपयाला जीव लावणार, इंद्रायणी तिचा डबीत टाकून विसरणार, आणि झिजला कुणाचा, तर जपणारीचा! म्हणजे धाकटीनं कधीतरी अदलाबदल केली. तानुबाईनं हे सगळ्या घरादेखत बोलून दाखवलं.

इंद्रायणी भांडली नाही. "आक्का, दोन्ही घेऊन जा, जाणत्याला दाखवा," ती म्हणाली. "चांगला तुमचा निघाला तर ठेवून घ्या."

तानुबाईला त्यातही डाव दिसला. एवढं सरळ कुणी वागतं का?

तळेगावात मधुसूदन नावाचे निवृत्त मास्तर जुनी नाणी जमवायचे. तानुबाईनं जावेवरचा संशय सांगून रुपये त्यांच्यासमोर ठेवले आणि खुर्ची इतकी जवळ ओढली की मास्तरांना कोपर हलवणं मुश्कील झालं. ते भिंग आणायला उठले तर तिनं रुपये पुन्हा मुठीत घेतले.

मास्तरांनी आधी इंद्रायणीचा काळपट रुपया कडांना धरून उजेडात तिरपा केला. उठावाचे भाग पहिले झिजतात, म्हणून ते पहिले बघायचे, असं त्यांनी सांगितलं. गालावर, केसांवर झीज जेमतेम होती. काळेपणा हा मळ नाही, चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला रंग आहे, तो कुणी काढला नाही म्हणूनच नाण्याचा दर्जा वरचा, असंही ते म्हणाले. मग त्यांनी तानुबाईचा लखलखीत रुपया उचलला. तो बराच वेळ बघितला.

"हा बाजारात फिरून झिजलेला नाही," ते म्हणाले. "फिरलेला रुपया कडेलाही झिजतो. ह्याच्या कडेच्या खाचा चांगल्या आहेत, तोंड तेवढं गेलंय. वर गोल गोल ओरखडे आहेत. कुणीतरी घासतंय ह्याला."

"मीच घासती की," तानुबाई तोऱ्यात म्हणाली. "दर दिवाळीला. आदी चिंच, मंग रांगोळी. लक्ष्मी काळी ठिवायची व्हय?"

तुमच्या जाऊबाईही घासतात का, असं मास्तरांनी विचारलं.

"ती कशाला घासतीय, ती तर..." एवढं बोलून तानुबाई थांबली. मग तिनं हळूच विचारलं, इंद्रायणी आधी इथं येऊन गेली होती का. मास्तर नाही म्हणाले. आता संशय घ्यायला कुणीच उरलं नाही. तिला भयंकर लाज वाटली.

इंद्रायणी दिवाळी उरकून परत गेली होती. तानुबाई घरी न जाता थेट काळेवाडीला गेली. इंद्रायणीनं दार उघडलं. तानुबाईनं उंबऱ्यातूनच काळा रुपया पुढे केला.

"ह्यो तुजाच हाय. माजं चुकलं."

इंद्रायणीनं रुपया घेतला. एरवी ती तो तसाच डबीत टाकून चहाचं आधण ठेवायला वळली असती. ह्या वेळी तिनं तो दिव्याखाली नेला. नाक बघितलं, केस बघितले, उलटा करून मागची बाजू बघितली, आणि मग कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

तानुबाई चपला न काढता दारातच उभी राहिली. त्या बघण्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळणार होता?

"बघ, नीट बघून घी," ती म्हणाली.