मलिद्याच्या पोह्यांवर कोणता आशीर्वाद

आमच्या रब्बीकाकांना, म्हणजे यहुदी धर्मगुरू असलेल्या माझ्या काकांना, मी हॉस्पिटलात शब्द दिला होता, की तुमचं लिखाण छापणार नाही, पुरून टाकीन. देवाचं नाव असलेला कागद आम्ही यहुदी फेकत नाही, दफनभूमीत पुरतो. काका गेले. कागदांची पिशवी मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या घरी जिन्याखाली ठेवली आणि पुरली मात्र नाही. उलट ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये लॅपटॉपवर टाइप करायला लागलो. तेव्हा मराठी फॉन्टची बोंब होती, तरीही. बायकोलासुद्धा बोललो नाही.

काकूंना पुस्तक हवंच होतं. "आपल्या बेने इस्रायली चालीरीतींवर मराठीतून एवढं कोणी लिहिलंय? पुरून काय उगवणार आहे?" शेवटी लंडनच्या धर्मन्यायालयाला विचारायचं ठरलं. काकूंनी नवसाचा मलिदा, आमचा गोड पोह्यांचा प्रसाद, करून डब्यात घेतला आणि आम्ही गाडीत बसलो.

समोर तीन रब्बी. साक्षीदार मी एकटा.

"ते नेमकं काय म्हणाले होते?" थोरल्यांनी विचारलं.

मग सगळंच बाहेर आलं. "'छापू नकोस, माझी मतं अजून बदलताहेत,' असं म्हणाले. मी हो म्हटलं. आणि अर्धं टाइप करून झालंय."

"अरे लबाडा!" काकू मराठीत ओरडल्या. "मला नाही सांगितलंस ते?"

धाकटे रब्बी हसले. "साक्षीदारच छापखाना निघाला!"

थोरले हसले नाहीत. "मृताचा शब्द पाळायलाच हवा. पण त्यांना चुकीचं मत मागे राहण्याची भीती होती, की काहीच राहू नये असं वाटत होतं? एखादं पान वाचा."

त्यांना मराठी येत नव्हती. मी म्हणेन ते खरं, अशी परिस्थिती. हाताला लागलं ते पान काढलं आणि इंग्रजीत सांगत गेलो: मलिद्याचे पोहे खाण्याआधी कोणता आशीर्वाद म्हणायचा? शिजवलेल्या भाताचा, की जमिनीतून येणाऱ्या पिकाचा? (आमच्यात प्रत्येक जातीच्या अन्नाचा आशीर्वाद, म्हणजे खाण्याआधीची देवाची स्तुती, वेगळा.)

"पोहे म्हणजे?"

काकूंनी डबा उघडून टेबलावर ठेवला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर.

"हे शिजवलेलं नाही," धाकटे म्हणाले.

"भिजवलंय फक्त," मधले म्हणाले. "म्हणजे कच्चंच."

"कच्चा तांदूळ असा मऊ होतो?" थोरल्यांनी विचारलं.

बघता बघता तिघं हमरीतुमरीवर आले. थोरल्यांनी बोटांत चिमूटभर घेतलं आणि हात हवेतच राहिला. आशीर्वाद ठरल्याशिवाय खाणार कसं? काका मधल्या खुर्चीत बसून वाद घालताहेत असंच वाटायला लागलं.

"अहो, ते काय म्हणतात?" थोरल्यांनी अधीर होऊन विचारलं. "शेवटी काय ठरवलं त्यांनी?"

"आधी पिकाचा लिहिलाय. तो खोडलाय. खाली लिहिलंय: भात गरम पाण्यात भिजवून, भट्टीत भाजून मगच कांडतात. पोह्यांनी आग आधीच पाहिलेली आहे. म्हणून शिजवलेल्या भाताचा."

थोरल्यांनी डोळे मिटले, तोच आशीर्वाद म्हटला आणि चिमूट तोंडात टाकली. माझं आमेन नको इतक्या मोठ्यानं निघालं.

"छापा," ते चावत म्हणाले. "त्यांना भीती चुकीच्या मताची होती. खोडलेलं वगळा, शेवटचं तेवढं घ्या. त्यांची भीती प्रस्तावनेत लिहा. मूळ कागद मात्र पुरा. शब्द दिलाय तुम्ही."

परतीच्या गाडीत काकूंनी रिकामा डबा मांडीवर घेतला आणि माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं.

"काढ तो लॅपटॉप. रीडिंग यायला वेळ आहे अजून."