इंजिन निजवायचे दिवस

दौलू गेल्याची बातमी मला गावच्या गाडीवानानं दिली. शेंगांची पोती घेऊन तो सांगलीच्या पेठेत आला होता. तिथून वाट वाकडी करून माधवनगरला आमच्या गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी सुताच्या गोदामातून बाहेर आलो तसा म्हणाला, "आण्णा, दौलू परवा गेला. तुमाला कळवाय कुनाला सुचलंच न्हाई." म्हणजे सगळं उरकून, राख नदीत सोडून झाली होती. मी बाहीवरचा कापूस झटकत उभा राहिलो. त्याला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. तो गेल्यावर आत जाऊन मी पुन्हा कामाला लागलो आणि त्या दिवशी कुणाशी एक शब्द बोललो नाही. याला महिना होऊन गेला. बोलावंसं अजूनही फारसं वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. आम्ही जैन, ते मराठे. घरं समोरासमोर आणि शेतं बांधाला बांध लागून. सुके भोपळे पाठीला बांधून आम्ही दोघं एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकलो. पुढं मी गिरणीत लागलो आणि दौलू साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाला. लढाईत त्याला इराकात, बसऱ्याला नेलं. तिथल्या नदीत फौजेच्या मोटारबोटी चालत, त्यांच्या इंजिनांवर त्याची नेमणूक झाली. तो तिकडं असतानाच त्याची बायको हौसा तापानं गेली. ही बातमी त्याला दोन महिन्यांनी पोचली. लढाई संपवून तो घरी आला तेव्हा मूल नव्हतं, बाळ नव्हतं. थोरले बंधू पांडूदादा, वहिनी आणि माडीखालची एक खोली, एवढाच त्याचा संसार होता. दुसऱ्या लग्नाचं कुणी काढलं की तो उठून नदीवर जायचा.

नदीवर जायला त्यानं लवकरच कारण शोधलं. वरच्या अंगाला एका संस्थानिकांची सैर करायची लाँच गवतात लोळत पडली होती. लढाईतून आणलेला होता नव्हता तो सगळा पैसा घालून दौलूनं ती घेतली. पांडूदादा संतापले. एवढं इंजिन विहिरीवर बसवलं तर ऊस डोक्याएवढा येईल, असं त्यांचं म्हणणं, आणि शेतकरी म्हणून ते खोटं नव्हतं. पण आमच्याकडं पुरात पलीकडं जायचं म्हणजे गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायची आणि देवाचं नाव घेऊन तीत बसायचं. दौलूच्या लाँचनं ते बंद झालं. पहिल्या आठवड्यात आवाजाला भिऊन एकही बाई आत पाय ठेवीना. श्रावण लागला तोवर बाया आपल्या कोंबड्यांसकट तीत बसून पलीकडच्या बाजाराला जायला लागल्या होत्या. इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि मग रॉकेलवर चालायचं. ही दोन्ही मिळवायला दौलू ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायचा ते सांगत बसलो तर दुसराच लेख होईल.

आषाढापासून दिवाळीपर्यंत लाँच चाले. कार्तिकात पाणी उतरलं की नदीतले खडक वर येत, पंखा दगडावर आपटे. मग बैल लावून, ओंडक्यांवरून ती काठावर ओढायची आणि पाचटाच्या छपरात ठेवायची, ती पुढच्या आषाढापर्यंत. ह्या कामाला दौलू 'इंजान निजवायचं' म्हणायचा. दिवाळी सरली की त्याचा निरोप यायचा: आण्णाला म्हणावं ये, हे एकट्याचं काम न्हाई. मी गिरणीतून आठवड्याची रजा काढायचो. साहेब विचारायचा, घरी कोण आजारी आहे? मी म्हणायचो, इंजिन.

पहिला दिवस माझ्यापायी फुकट जायचा. लाँचच्या बुडाला शेवाळ असे आणि त्यात बारीक बारीक गोगलगाई. दौलूला खरवडणी घेऊन सगळं एका दमात साफ करायचं असे आणि ते मला बघवत नसे. मी एकेक गोगलगाय बोटांनी सोडवून नदीत ठेवून यायचो. सुरुवातीला दौलू वैतागला. माझ्या धर्मानं त्याची नाव सडणार म्हणाला, बिडी ओढत पाठ फिरवून बसला. पुढच्या साली बघतो तर माझ्याआधी त्यानंच एक मडकं पाण्यानं भरून शेजारी ठेवलेलं. सोडवलेली गोगलगाय त्यात टाकायची आणि मडकं भरलं की एकदमच नदीत रिकामं करायचं. हेलपाटे वाचतात, एवढंच म्हणाला.

मग इंजिन. ते निजवायची त्याची रीत बसऱ्याच्या गोऱ्या सार्जंटनं शिकवलेली. सार्जंट थंड मुलखातला, त्यामुळं पहिलं काम इंजिनाच्या पोटातलं सगळं पाणी काढून टाकायचं. नाहीतर थंडीत त्याचा बर्फ होतो आणि लोखंड तडकतं. मी त्याला चिडवायचो की सांगलीला पाणी गोठलेलं कुणाच्या आज्यानं बघितलंय? तो शांतपणे म्हणायचा, "गोठत न्हाई, पर गंजतंय की रं." तोटी उघडून पाणी सोडायचं, मग फुंकर घालून, चिंधी फिरवून तो आतला ओलावा टिपायचा. ठिणगीचा मॅग्नेटो सोडवून, फौजेच्या कांबळ्यात गुंडाळून आपल्या खोलीत कणगीवर ठेवायचा. धुराच्या नळीत उंदरांनी घर करू नये म्हणून बोळा कोंबायचा. पितळेचा एकूण एक तुकडा चिंचेनं घासायचा. सगळ्यात वेळ खायचं ते तेल. प्लग काढून त्या भोकांतून आत तेल सोडायचं, म्हणजे आतलं लोखंड गंजून एकमेकांना धरून बसत नाही. यात दौलूचा नियम असा, की एकानं हँडल हळूहळू फिरवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं तेलाची बारीक धार धरायची. धार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. हँडल माझ्याकडं, धार त्याच्याकडं. ती दिवसातनं दहादा तुटायची. कधी त्याला काही आठवायचं, कधी मला हसू यायचं. मग तेल निथळेपर्यंत बसून राहायचं... त्या बसण्यात त्यानं मला बसऱ्याच्या खजुराच्या बागा सांगितल्या, तिथला उन्हाळा सांगितला. हौसाचं नाव तीन सालांत एकदाच घेतलं. तिला नदीची भीती वाटायची, एवढं म्हणाला आणि धार धरायला उठला. दिवस मावळायच्या आत मला जेवायचं असे, तेव्हा ऊन कलंडलं की तोच हत्यारं गोळा करायचा. पण त्याचा पाय छपरातून निघत नसे.

ह्या सालचा पाऊस त्याला बाधला. भिजून भिजून ताप आला, तो छातीत उतरला. आश्विनात मी भेटायला गेलो तेव्हा तो खोलीत बाजेवर होता आणि लाँच पांडूदादांनी गडी लावून आधीच छपरात ओढून, बूड घासून ठेवली होती. इंजिनाला मात्र कुणी हात लावला नव्हता. पांडूदादा मला बाहेर म्हणाले, "आषाढात इंजान चाललं तर म्या नाव बंद करनार न्हाई, आण्णा. लोकांची सवय झालीया. पर गंजून बसलं तर मोडीत घालीन." माणूस सरळ, बोलतो ते करतो. आत आलो तर दौलूनं ते ऐकलं होतं.

"ह्या बारीला तूच निजव," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला हँडल मारण्यापलीकडं काही येत नाही. आणि तूच तर म्हणतोस, हे एकट्याचं काम नव्हे. त्यावर तो खोकला... मग छताकडं बघत हसला.

"बघ तर करून, गड्या."

आमचं शेवटचं बोलणं ते.

नेहमीसारखी आठवड्याची रजा काढून मी गेल्या पंधरवड्यात गावी गेलो. रात्री झोप लागली नाही. आपल्या हातून काही राहिलं, तर दौलूचं जे एवढं एक मागं उरलंय ते भंगारात जाणार, हे डोक्यातून जाईना. सकाळी छपरात शिरलो. तोटी उघडली, पाणी सोडलं, फुंकलं, टिपलं. मॅग्नेटो सोडवला. मग प्लग काढून तेलाचं भांडं घेतलं आणि तिथंच अडलो. धार धरली तर हँडल कोण मारणार? पांडूदादांना हाक मारायला मी बाहेरही आलो. पण ते लांब उसात होते. शेवटी म्हटलं, होईल ते होईल. भोकांतून तेल ओतलं, भांडं खाली ठेवलं, पुढं गेलो आणि हँडल फिरवलं. इंजिन फिरलं... अगदी मऊ, लोण्यातून फिरावं तसं. भोकावर अंगठा धरून पुन्हा फिरवलं. आतल्या हवेनं अंगठा उचलला आणि तो तेलानं माखून बाहेर आला. दुसऱ्या भोकाशीही तसंच. प्लग बसवले, बोळा कोंबला, पितळ घासलं.

काही राहिलं तर नाही ना, म्हणून सगळं पुन्हा एकदा तपासलं. काहीच राहिलं नव्हतं. धार धरायची गरजच नव्हती. दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं. मी लाँचच्या कडेला टेकलो आणि गाडीवान आला त्या दिवशी जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते आलं.

वहिनी भाकरी घेऊन आल्या. माझ्यासाठी त्या चटणी बिनलसणाची कुटतात. मला हात पुसताना बघून त्या दारातच थांबल्या.

"आवं आण्णा, झालं व्हय? दरसाल तर आठ-आठ दिस लागायचं तुमा दोघास्नी."

"लागायचं, वैनी."

त्यांनी इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. भाकरी खाली ठेवून, फडकं सोडता सोडता त्यांनी विचारलं, आता माघारी जाणार का. मी म्हटलं, रजा तर आठवड्याची आहे.

"मग ऱ्हावा की," त्या म्हणाल्या. "भाकरी आनीन रोज हितंच."

मी राहिलो. रोज सकाळी छपरात जायचो आणि ऊन कलंडेपर्यंत बसायचो. करायला काहीच उरलं नव्हतं.